मामांच्या नावाचा पुकारा

कोर्टाला कधीच न कंटाळलेला माणूस जगात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला: आमच्या हिचे मामा. रहिमतपूरच्या शिवारात उसाच्या बांधावरून शेजाऱ्याशी त्यांचा बावीस वर्षं दावा चालू आहे. इतक्या वर्षांत बांध तसूभर हललेला नाही, मामा मात्र दर तारखेला जातात, तेही त्याच शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून. दावा निकाली निघाला तर कोर्टाबाहेरची भजी कुणाबरोबर खायची, ही त्यांची खरी काळजी. लग्नात भाचीच्या मागे मामानं उभं राहायचं असतं. आमच्या लग्नात मामा हिच्या मागे उभे राहिले ते काखेत फाइल धरून, कारण त्या दिवशीही तारीख होती. दोनदा घड्याळ बघून ते अंतरपाटावरून मलाच म्हणाले, "आवरा पाव्हणं."

मामांची आता एकच भाची लग्नाची राहिली आहे, माझी धाकटी मेहुणी. ती मिरजेत नर्स आहे आणि तंबोरे बनवणाऱ्या एका मुलीबरोबर आठ वर्षं संसार करते आहे. घरात हे कळलं तेव्हा सगळे एकमेकांना दोष देऊ लागले. मामांनी तेवढं विचारलं, "भांडत्यात का दोघी?"

"रोज," मी म्हणालो.

"मग लगीन झाल्यालंच हाय की. कागद तेवढा ऱ्हायलाय."

त्या कागदाची गरज पुढे खरीच पडली. त्या मुलीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा संमतीच्या फॉर्मवर मेहुणीची सही चालेना. सहा वर्षं बहिणीशी न बोललेल्या भावाला सांगलीहून बोलवावं लागलं. त्याच दिवशी मेहुणीनं ठरवलं, हार घालायचे ते कागदासकटच.

मग दिल्लीच्या मोठ्या कोर्टात अशाच जोडप्यांचे अर्ज सुनावणीला आले आणि मामांना सुगी आली. सुनावणी मोबाइलवर दिसते म्हटल्यावर ते आणि शेजारी त्या वादातल्याच बांधावर बसून ती बघू लागले. सगळं इंग्रजीत, दोघांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी मामांचं मत तयार असायचं, "वकील चांगलाय, पर घाई लय करतोय गडी." निकालाच्या दिवशी पेढे, मुंडावळ्यांचे दोन जोड आणि स्वतःचा फेटा घेऊन ते मिरजेत हजर. बावीस वर्षांत स्वतःचा निकाल न पाहिलेल्या माणसानं पेढे आधी घ्यावेत, हा भाबडेपणा त्यांनाच शोभतो.

कोर्टानं नाही म्हटलं. कायदा करायचा तर संसदेनं करावा, म्हणाले. मेहुणी पाठ फिरवून ओट्याशी उभी राहिली. मी म्हणालो, घरातल्या घरात हार घालून टाकू, तर तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. मला फार वाईट वाटलं. मामांनी मात्र पेढे वाटायला घेतले.

"रडू नगंस. फाइल तीच हाय, सायब तेवढा बदलला."

पुढे फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. मामांचा फेटा मिरजेतल्या कपाटातच आहे. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. परवा बांधावर बसलो असताना म्हणाले, "आवं पाव्हणं, नाव पुकारल्याबिगर उठायचं न्हाई, ही माझी कोर्टातली सवय. भटजी म्हणतील, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. तवा मला ऐकू न्हाई आलं, तर दंडाला धरून उठवा."

मी हो म्हणालो. मामांना अजून दहा-पंधरा वर्षं सहज आहेत, असं तेव्हापासून मी स्वतःला सांगत असतो.