नरसिंहराव अण्णांची निकाली कुस्ती

समजा, बंगळुरात यशवंतपूर स्टेशनामागच्या माळावर तुम्हाला कुस्तीचं रिंगण उभारायचंय. पाइप गाडून झाले, फळ्यांवर काथ्याच्या गाद्या आल्या, वर ताडपत्री. आता दोर ताणा. एक कोपरा कसला की दुसरा सैल पडतो. म्हणून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने, थोडेथोडे कसायचे. मग कधीतरी सगळा चौकोन एका सुरात येतो.

एकसष्ट सालच्या जानेवारीत नरसिंहरावांनी हे केलं. माळावर धुकं होतं आणि रिंगण त्यात तरंगत असल्यासारखं दिसत होतं. कारखान्यात ते फिटर. त्यांच्याच हाताखाली मी पुढे काम शिकलो. सकाळ-संध्याकाळ मात्र ते पेठेतल्या गरडीचे, म्हणजे तालमीचे, वस्ताद. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

त्या काळी बंगळुरात दोरांच्या रिंगणातल्या कुस्त्या एकच कंपनी भरवी. पैलवान तिच्याशी कराराने बांधलेले. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असे. तिला नुरा कुस्ती म्हणतात. अण्णांना एकदा, एकदाच, निकाल कुणालाच ठाऊक नसलेली कुस्ती भरवायची होती. त्यांचा पठ्ठा भीमसेन विरुद्ध बेळगावचा गुंडो. गुंडोचा कंपनीशी करार नुकताच संपला होता. भीमसेनने मारुतीपुढे अण्णांच्या हातून विडा उचलला होता.

लोक जमले. भीमसेन आला, पण धोतर नेसूनच.

"अण्णा, शब्द तुम्हाला दिलाय, पण सही त्यांना. दुसऱ्याच्या रिंगणात उतरायचं नाही, असं लिहिलंय."

"आधी काय दिलंस?"

"शब्द."

"मग?"

"शब्दामागे पोलीस येत नाहीत, अण्णा."

पहिल्या रांगेत कंपनीचा मॅनेजर पद्माकर करार मांडीवर ठेवून शेंगा सोलत होता. "आटपा आता," तो म्हणाला. "लोकांना घरी जाऊ द्या."

पण गरडीची एक जुनी रीत होती. विडा उचलून पैलवान उतरला नाही, तर विडा देणाऱ्या वस्तादाने लंगोट चढवायचा. अण्णांनी सदरा काढून बायकोच्या, पद्मावतीअक्कांच्या, हातात दिला.

"अहो, वय काय, पोट काय!"

"पोट मागे धरतो."

"कुठं धरणार? जागा आहे का तिथं?"

आजूबाजूचे हसले. अण्णाही हसले आणि दोराखालून आत गेले.

हात मिळवताना गुंडो वाकून कानाशी पुटपुटला, "किती वेळ खेळायचं, वस्ताद? आणि पडायचं कुणी?" त्यात कपट नव्हतं. इतकी वर्षं तो हेच विचारून खेळत आला होता.

"पाठ लागेपर्यंत. निकाली."

गुंडो सरळ उभा राहिला. मग कानडीत म्हणाला, "सरी," म्हणजे ठीक आहे.

पुढचं अण्णा सांगतात ते स्वप्न सांगावं तसं. गुंडोच्या खांद्याला तेलाचा वास. पायाखाली काथ्या श्वास घेतोय. माणसांचा आवाज विहिरीच्या तळाशी गेलेला. तेवढ्यात यार्डातल्या इंजिनाने वाफ सोडली, ती माळभर पसरत रिंगणात शिरली. पांढऱ्या त्या ढगात अण्णांनी गुंडोची टाच मुठीत धरून पट काढला. गुंडो हलका झाला, पिसासारखा, आणि वाफ विरली तेव्हा त्याची पाठ ताडपत्रीला टेकलेली होती.

लोकांनी फेटे उडवले. पद्माकर शेंगा सोलायचा थांबला होता. गुंडोने उठून अण्णांच्या पायाला हात लावला, आणि संध्याकाळच्या गाडीने तो बेळगावला गेला. पुढे अण्णांनी दोनदा निरोप पाठवला. तिकडून नुसता नमस्कार आला.

राजाजीनगरला त्यांच्या अंगणात अजून कुणी त्या कुस्तीचं नाव काढलं की अण्णा खूश होतात, चहा मागवतात. मग तो चहा समोर निवत राहतो. परवा मी जवळ बसलो होतो. त्यांनी उजवा हात पुढे करून बोटं मिटली, जणू ती टाच अजून मुठीत होती.

"तो पाय मी उचलला," त्यांनी विचारलं, "की त्यानं उचलून माझ्या हातात दिला?"