काकीचं नाव लॅपटॉपनं विचारलं

शोभाकाकी कोणालाही अर्ध्या नावाने हाक मारत नसे. मला सगळं खरवई गाव 'पर्‍या' म्हणतं, कारखान्यात मी 'ओ स्टोअरवाले' असतो आणि बायको भांडताना 'प्रभाकरराव' म्हणते. काकीसाठी मात्र मी पाळण्यात होतो तेव्हापासून प्रभाकर. "प्रभाकर, नाक पूस," असं ती म्हणायची तेव्हा नाकाला सुद्धा जबाबदारी आल्यासारखं वाटायचं. दूधवाल्या बंड्याचं खरं नाव विश्वनाथ आहे, हे त्याच्या बायकोच्या खालोखाल काकीलाच ठाऊक होतं. दारातल्या मोत्या कुत्र्याला ती मोतीराम म्हणायची, आणि तोही मग पोक्त माणसासारखा सावकाश उठायचा.

"नाव पुरा घ्यावा रं," ती म्हणायची. "कोनीतरी इचार करून ठेवलेला असतो. अर्धाच घेतलास तं बाकीचा कुटं जाईल?"

ही काकी धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात धवलारीण नसेल तर हळद पुढे सरकत नाही. एकेका विधीचं एकेक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ती एक ओळ म्हणते, बाकीच्या बायका ती झेलतात. आता लग्नात डीजे असतो, पण काकी उभी राहिली की डीजेवाला पोरगा आपणहून आवाज बंद करायचा. एकदा त्याने केला नाही. काकीने त्याचं पूर्ण नाव विचारलं. तेवढं पुरलं.

मग काकीचा आवाज बसायला लागला. डॉक्टर म्हणाले, वय झालं, घशाला आराम द्या. काकी म्हणाली, "घशाला आराम देईन, पन धवल्यांचा काय? माज्यासंगती तेबी जातील." मोबाइलमध्ये म्हणून ठेवले होते, तर काकांनी सुप्रभातची फुलं पुसता पुसता अर्धे धवले पुसून टाकले. काका बिचारे महिनाभर स्वतःचा चहा स्वतः करत होते.

एके दिवशी दोघं न सांगता उल्हासनगरला गेली आणि संध्याकाळी रिक्षातून एक खोका घेऊन उतरली. माझ्या आईने दारातूनच विचारलं, "मिक्सर आनला का?" काकी म्हणाली, "लॅपटॉप." आईच्या हातातलं सूप खाली पडलं. ज्या घरात टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत असतो, त्या घरात सत्तरीकडे झुकलेल्या बाईने स्वतःसाठी लॅपटॉप आणावा, हा धक्का पचवायला आम्हाला दोन वेळचं जेवण लागलं. दुकानदाराने म्हणे विचारलं होतं, "अम्मा, पोते के लिए चाहिए ना?" काकीने सांगितलं, "नातवाला त्याचा बाप घेईल. माज्यासाठी दाखव." दुकानदार तिथेच चालू करून देतो म्हणाला, पण काकीने नको म्हटलं. का, तर "आमचा प्रभाकर रोज कम्पुटरवरच बसतो."

मी कॉम्प्युटरवर बसतो हे खरं आहे. अंबरनाथच्या कारखान्यात मी नटबोल्टांची आवकजावक एका ठरलेल्या चौकटीत भरतो. चौकट हलली की मी हात वर करतो आणि कोणीतरी येऊन ती जागेवर आणून ठेवतं. हे मी घरी कधी सांगितलेलं नाही. घरात एका माणसाला तरी काही येतं असं वाटलेलं बरं असतं.

रविवारी सकाळी मुहूर्त ठरला. काकीने खोक्याला हळदकुंकू लावलं. मी खोका उघडला, आणि पहिली अडचण आली ती पिनेची. ती जाडी तीन पायांची पिन हॉलमधल्या एकाही सॉकेटमध्ये जाईना. अख्ख्या घरात तिला जागा देणारं एकच सॉकेट होतं, मिक्सरचं. म्हणून आमचा लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, मिक्सर आणि सुक्या बोंबलांचा डबा यांच्या मधोमध बसला. आई खाली जमिनीवर बोंबलांची डोकी मोडत बसली होती. काका दाराशी उभे होते. पुसलेल्या धवल्यांपासून ते कुठल्याही यंत्राच्या जवळ येत नसत.

मी गंभीर चेहऱ्याने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं, हळूच दाबलं, मग रागाने दाबलं. शेवटी डॉक्टर ऑपरेशन थिएटरबाहेर येतात तसा मागे सरलो आणि म्हणालो, "पीस खराब आहे. परत द्यावा लागेल."

काकीचा चेहरा उतरला. "आनल्या आनल्या गेला?"

"इलेक्ट्रॉनिक वस्तूचं असंच असतं," मी म्हणालो, आणि वायर गुंडाळायला घेतली. तेव्हा कळलं की त्या वायरीचे दोन तुकडे असतात, मध्ये एक काळी वीट असते, आणि त्या विटेत मी पहिला तुकडा अर्धाच खोचला होता. तो आत दाबला. लॅपटॉपच्या कडेला टाचणीएवढा दिवा लागला. थोडं थांबून बटण दाबलं आणि पडदा उजळला. काकीने हात जोडले. आई म्हणाली, "पर्‍याला येतो बाकी." मी ती वीट हळूच मिक्सरच्या मागे सरकवली.

मग तो लॅपटॉप एकेक प्रश्न विचारायला लागला. देश कुठला, भाषा कुठली, इंटरनेट कुठून घेऊ. मी ऐटीत उत्तरं देत गेलो आणि माझ्या मोबाइलचं इंटरनेट त्याला जोडून दिलं. पुढच्या पानावर प्रश्न होता: हा लॅपटॉप कोण वापरणार? नाव लिहा. मी काकीला वाचून दाखवलं आणि 'शोभा' असं लिहून टाकलं.

"थांब, प्रभाकर," काकी म्हणाली. "पूस ते."

"का? तूच वापरणार ना?"

"मीच. हिरा लिव."

मला वाटलं, काकी आईसाठी मान म्हणून सांगते आहे. कारण हिरा माझ्या आईचं नाव. आईलाही तसंच वाटलं असावं. ती लाजून म्हणाली, "माजा कशाला गो? मी काय करू त्यात?"

"तुजा नाय, बाय," काकी म्हणाली. "माजा. मी हिरा."

आईच्या हातातला बोंबील हातातच राहिला. "आगो, हिरा मी हाय. तू कदी झालीस?"

"जल्मल्यापासून."

मी काकांकडे बघितलं. काका खाली बघत होते, म्हणजे खरं होतं. काकी वांगणीहून लग्न होऊन या घरात आली तेव्हा माझी आई आधीच थोरली सून होऊन बसली होती, तीही हिरा. एका घरात दोन हिरा कशा चालतील? एकीला हाक मारली की दोघी धावणार, एकीला शिवी दिली की दोघींना लागणार. म्हणून माझ्या आजीने लग्नाच्याच दिवशी, थोरल्या सुनेला जुनं नाव कळूही न देता, ताटातल्या तांदळावर नवं नाव काढून घेतलं. हिरा वांगणीत राहिली आणि शोभा खरवईला आली. माहेरी भाऊ तिला ताई म्हणत, त्यामुळे ते नाव नंतर कोणाच्या तोंडून बाहेरच पडलं नाही. मी ज्या बाईच्या मांडीवर वाढलो तिचं नाव मला माहीत नव्हतं. मी ओट्याला टेकलो. माझा हात बोंबलांच्या डब्यात गेला आणि तो काढायचं भान मला बराच वेळ राहिलं नाही.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"कोनी इचारला?" काकी म्हणाली, आणि लॅपटॉपकडे बोट केलं. "ह्यानं इचारला. पयल्यांदा."

आई मनाने वाईट नाही, पण ती काही द्यायला लागली की आधी भांडते. "माजा नाव मी मेल्यावर घे," ती म्हणाली. "जित्तेपनी नाय देनार. लोक हिरा म्हनून बोलवतील आनि तू पुढं होशील. मंग मी कोन?"

"मी शोभा झाले तवा मना कोनी इचारलेला, मी कोन?"

"ते सासूनं केला. मी केला का?"

"मी कुटं म्हनतंय तू केला?"

मी मध्ये पडलो. माझ्यासारखी माणसं मध्ये पडतात तेव्हा दोन्हीकडून खातात. मी म्हणालो, "आपण 'फॅमिली' असं लिहू. सगळ्यांचंच होईल."

काकी माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काय फॅमिली हाय?" आणि आई म्हणाली, "तू गप, पर्‍या." वाद थांबला नाही, पण माझ्याविषयी तरी त्यांचं एकमत झालं. काकीने मग आवाज खाली आणला. "बाय, धवले माज्या गल्यातून जानार हायेत त्यात. मी मेले तरी पोरी ऐकतील. कोनाचे म्हनून ऐकतील? शोभाचे? शोभाला धवले येत नव्हते. शोभा आली तवा सतरा वरसांची होती. धवले हिरा शिकलेली, वांगनीला, आयच्या मांडीवर."

तेवढ्यात दाराशी उभे असलेले काका आत आले. बायकोला 'अगं ए' सोडून काकांनी काही म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते लॅपटॉपपासून हातभर अंतर ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "लिव रं, पर्‍या. हिरा लिव. तिचाच हाय."

आईने बोंबलांचं ताट उचललं आणि ती अंगणात निघून गेली. मी 'हिरा' लिहिलं. लॅपटॉप बराच वेळ गोल गोल फिरत विचार करत राहिला. मग एक निळं पान आलं. "काय म्हनतोय?" काकीने विचारलं. मी वाचलं, "स्वागत आहे, हिरा."

अंगणातून आईचा आवाज आला, "माजाच करतोय तो!"

त्यानंतर काकी रोज दुपारी ओट्यासमोर स्टुलावर बसून धवले भरायला लागली. बटण कुठलं दाबायचं ते तिने माझ्याकडून एकदाच शिकून घेतलं, आणि मी चुकीचं शिकवलंय हे कळल्यावर स्वतःच नीट केलं. प्रत्येक धवल्याच्या आधी ती घसा खाकरून सांगायची, "मी हिरा. हलदीचा धवला म्हनतंय." आई त्या वेळी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. पण धवला एकटीने म्हणायचाच नसतो, ओळ झेलायला कोणीतरी लागतं. काकी एक ओळ म्हणून थांबायची. पाच-सहा दिवस त्या थांबण्यात नुसता पंख्याचा आवाज भरला गेला. मग एका दुपारी, अंगणात वाल सोलता सोलता, आईने ओळ झेलली. चिडून झेलली, पण सुरात झेलली. काकीने मागे वळून बघितलं नाही. पुढची ओळ घेतली. पुढे सगळे धवले असेच भरले गेले: एक आवाज जवळचा, एक अंगणातला. बोलणं मात्र मीठ दे, मीठ घे एवढंच. काकीला नावाने हाक आईने मारली नाही, ना या, ना त्या.

काकी गेली ती अशीच, काही चाहूल न देता. सकाळी चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, "जरा टेकतंय," म्हणाली आणि भिंतीला टेकली. काका पेपर वाचत होते. त्यांनी एक बातमी मोठ्याने वाचून दाखवली, उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा वाचली. मी कारखान्यातून धावत आलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. काकांच्या हातात पेपर तसाच होता. मला रडू येत नव्हतं. मी तिच्याकडे बघत वाट बघत होतो की ती म्हणेल, प्रभाकर, चपला बाहेर काढ.

नातेवाइकांना कळवायचं होतं. मी मोबाइल घेऊन भिंतीशी बसलो. काकीच्या उशाशी आई बसली होती, तिच्या केसांवरून हात फिरवत. तिने विचारलं, "काय लिवतंस?"

मी वाचून दाखवलं, "आमच्या घरच्या शोभाबाई यांचं आज सकाळी..."

"शोभा नको," आई म्हणाली. "हिरा लिव."

काकांनी पेपर खाली ठेवला. मी म्हणालो, "आई, लोकांना वाटेल तू गेलीस."

"वाटू दे."

"अगं, जिवंत माणसाचं नाव अशा निरोपात..."

"लिव सांगतंय ना तुला, प्रभाकर."

आईने मला आयुष्यात पहिल्यांदा प्रभाकर म्हटलं होतं. मी लिहिलं, 'आमच्या घरच्या हिराबाई यांचं आज सकाळी निधन झालं,' आणि पाठवून दिलं. खाली काकांचं नाव टाकावं, एखादा फोटो लावावा, एवढं साधं मला सुचलं नाही. थोड्याच वेळात माझा फोन थांबेना. सगळे मला धीर देत होते, आई गेल्याबद्दल.

सगळ्यात आधी पोचला तो दामूमामा, आईचा धाकटा भाऊ, अंबरनाथच्या बुवापाड्यातून. रिक्षातून उतरल्यापासून तो मोठमोठ्याने रडत होता, हातात झेंडूचा हार. दार आईने उघडलं.

मामाचं रडणं मध्येच तुटलं. तो पायरीवर मटकन खालीच बसला. तोंड उघडं, डोळे आईच्या चेहऱ्यावर. आईने वाकून त्याच्या हातातला हार काढून घेतला.

"दामोदर, मी हाय," ती म्हणाली. "गानारी हिरा गेली."

मामा तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"बगतंस काय?" आई म्हणाली. "आता रड."