देव्हाऱ्यातला खडा

दुबईत रास अल खोरला एका लॅबमध्ये मी सोनं तपासतो. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये माझा शब्द म्हणजे हॉलमार्क. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

एका शनिवारी माझा मेहुणा मित्रांबरोबर फुजैराच्या डोंगरात फिरायला गेला आणि कोरड्या नाल्यात सापडलेला सुपारीएवढा पिवळा खडा घेऊन थेट आमच्याकडे आला. तो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये इलेक्ट्रिशियन. बायको आणि मुलगी गुहागरला. मी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत हिने भावाचा खडा देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळद-कुंकू लावलंही होतं.

"बाबा, इट्स पायराइट," माझी नववीतली मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "लुक ॲट द एजेस."

पायराइट म्हणजे सोन्यासारखं चमकणारं, कवडीमोलाचं खनिज. मुद्दा बरोबर होता. पाण्यातून घरंगळत आलेल्या सोन्याच्या कडा झिजून बोथट होतात. याच्या कापल्यासारख्या सरळ होत्या. हातोडीने ठोकलं असतं तर सोनं चपटं झालं असतं, पायराइटचा भुगा. पण पूजलेल्या वस्तूवर हातोडी? हिने नुसतं माझ्याकडे बघितलं. लॅबचं मशीन मिळणार सोमवारी. आणि पोरीसमोर सोमवारपर्यंत थांबेल तो तज्ज्ञ कसला?

मी बोटाने कुंकू पुसलं, बाथरूमची उरलेली टाइल उलटी केली आणि तिच्या खडबडीत पाठीवर खडा घासला. पायराइटची रेघ काळपट उठते, सोन्याची पिवळी. ही पिवळीधमक उठली.

"सोनं आहे," मी जाहीर केलं.

मेहुण्याने लगेच गॅलरीत जाऊन घरी फोन लावला. "खलास, नोकरी सोडतोय. कायमचा येतो," एवढं आम्हाला आत ऐकू आलं. मी पेढे मागवले.

रविवारी सकाळी हिने देवांबरोबर खडाही चिंच लावून लख्ख घासला. मी सहज पुन्हा रेघ ओढली. काळी. म्हणजे आदल्या दिवशी मी खड्यावरची, आमच्या डब्यातली हळद तपासली होती, आणि ती मात्र अस्सल निघाली होती. मला माझीच लाज वाटली.

राजीनामा अजून पाठवला नव्हता, तेवढं वाचलं. मेहुणा ऐकून जागचा उठला. मग घरचा नंबर लावून फोन माझ्या हातात देत म्हणाला, "भावोजी, तिला तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

माझा आवाज ऐकताच त्याची बायको म्हणाली, "भावोजी, यांचं बोलणं मी कधी मनावर घेत नाही. पण तुम्ही तपासलंय म्हटल्यावर पोरीला सांगून टाकलं, बाबा कायमचे येतायत."