सरिताचे आठशे मीटर

मले गोड बोलता येत नाही, आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षं पोलिसात काढली, हवालदार म्हणून रिटायर झालो, अन् आता हिंगणा रोडच्या ग्राउंडवर भरतीच्या पोट्ट्यायले सकाळी पळवतो. देवराव सर म्हणतात मले. फुकट शिकवतो, म्हणून तोंडाले लगाम लावत नाही. ज्याले झोंबते त्यानं घरी बसावं.

सरिता गजभिये एक जानेवारीले आली. बत्तीस वर्षांची, दोन लेकरायची माय, हिंगण्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे दुपारच्या पाळीत डबे भरते. म्हणे, "सर, मले पोलिसात जायचं आहे. या भरतीनंतर माहं वय निघून जाते." म्हटलं, "वय तं कवाचंच गेलं बाई, आरशात पाहून घे एकदा." बाकीच्या पोट्ट्या खिदळल्या. ती हसली नाही. खाली बसली, चपला काढल्या अन् नवऱ्याचे जुने बूट घातले, समोर कापूस कोंबलेले.

तिच्या हातात एक महिना होता. एकतीस तारखेले ग्राउंड टेस्ट. आठशे मीटर धावायचे, दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं तं पूर्ण मार्क. अन् घरी अंकुशले, म्हणजे नवऱ्याले, तिनं शब्द दिला होता का यावेळी नाही झालं तं पोलिसाचं नाव पुन्हा काढणार नाही, जन्मभर डबे भरत राहीन.

आमच्या ग्राउंडचे दोन राउंड म्हणजे आठशे मीटर. चुन्याची रेघ मी स्वतः मारतो. पहिल्या दिवशी तिले चार मिनिटं सात सेकंद लागले अन् रेघेवरच ओकली. मी म्हटलं, "माती टाक त्याच्यावर, लोकायच्या पोरी पळतात इथं." तिनं हातानं माती टाकली. वाटलं, उद्या काही येत नाही ही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वीसले ग्राउंडवर हजर, माह्याही आधी.

मी तिचं नाव मालगाडी ठेवलं. ती वळणावर आली का मी ओरडायचो, "आली गा मालगाडी, फाटक लावा." पोट्ट्या हसायच्या, ती पळायची. दुपारी कंपनीत आठ तास उभी, घरी जाऊन भाकरी टाकणार, अन् पहाटे पुन्हा इथं. दहा दिवसांत तीन एकवीसवर आली. मंग अडकली. तीन एकोणीस, तीन वीस, तीन एकोणीस. मी म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी ओतून राहिलो मी." त्या दिवशी तिचे डोळे भरले, मले बरंच वाटलं. पोलिसात आमाले असंच घडवलं होतं.

सोळा तारखेले मोहल्ल्यातल्या टेनिस बॉल टूर्नामेंटवाल्यायनं ग्राउंडच्या एका कोपऱ्यात मंडप टाकला. खांब नेमके माह्या रेघेवर. काय करता, मी रेघ आत घेतली. पावलानं मोजून पाहिलं, एका राउंडमागं अठ्ठावीस मीटर कमी भरले. दोन राउंडले छप्पन्न. म्हटलं, तीन दिवसांचा तं मंडप आहे, गेला का रेघ जागेवर नेऊ. कोणाले सांगायची गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सरिता तीन मिनिटं चार सेकंदांत आली. घड्याळ दाखवलं तं ती रडाले लागली. माहे दोन्ही हात धरले अन् म्हणे, "सर, तुमच्या शिव्या फळल्या." पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या. रोडच्या पलीकडे एक नवीन अकॅडमी निघाली होती, टी-शर्टवाली, माह्या चार पोट्ट्या तिकडे पळाल्या होत्या. त्यातल्या दोन त्याच आठवड्यात वापस आल्या, म्हणे देवराव सरांच्या हाताले यश आहे.

मंडप गेला. रेघ तिथंच राहिली. उद्या सांगू, उद्या सांगू. रोज सकाळी तोंडापर्यंत यायचं अन् रोज तिचा टाइम आणखी उतरायचा. खोटं कायले बोलू, मले ते आवडून राहिलं होतं. तीस वर्षं साहेबांच्या गाडीचे दरवाजे उघडले, माह्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती.

रोशनी म्हणून एकोणीस वर्षांची पोट्टी आहे, दंडाले मोबाईल बांधून पळते. चोवीस तारखेले ती सगळ्यायसमोर म्हणे, "सर, याच्यात दोन राउंडचे सातशे चव्वेचाळीस मीटर दाखवून राहिले." मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. मी ग्राउंड मोजून राहिलो तवा तुहा बापही पाळण्यात होता." तरी ती हटेना. तं सरितानंच तिले झापलं. "सरायवर शंका घेऊन राहिली काय वं? ते आपल्यासाठी थंडीत उभे राहतात, अन् तू मोबाईल दाखवते त्यायले?" रोशनी चूप झाली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही, डांबरी रोडवर एकटी पळाले लागली.

अठ्ठावीस तारखेले सरिता दोन शेहेचाळीस. चार मिनिटं सातवरून दोन शेहेचाळीस, एका महिन्यात. छप्पन्न मीटर सोडले तरी बाईनं जिवाचं रान केलं होतं, हे मी आजही म्हणतो. त्या दिवशी तिनं डब्यात शिरा आणला होता सगळ्यायसाठी. माह्या वाटचा वेगळा काढला होता, काजूवाला. मी खाल्ला. तीन दिवस बाकी होते. तवाही सांगितलं असतं तं तिनं निदान दम वाटून घेतला असता, सुरुवातीले थोडं राखून पळाली असती.

एकतीस तारखेले मी जाळीबाहेर उभा होतो. टाइम मोजाले पायाले चिप बांधून पळवतात आता, कोणाची ओळख चालत नाही. सरिता सुटली ते बरोबर आम्ही बसवलं त्याच चालीनं. पहिला राउंड पुढच्या चौघीत. दुसऱ्या राउंडच्या अर्ध्यावर जोर लावला, तिसरी आली. अन् मंग जितक्या अंतरावर आमच्या ग्राउंडवर टाळ्या वाजायच्या, तितक्याच अंतरावर तिचे पाय संपले. मान वर करून ती समोर पाहून राहिली होती, का रेघ अजून कशी येत नाही. एक एक पोट्टी तिच्या बाजूनं निघून गेली. शेवटचं ती पळाली नाही, चाललीच. तीन मिनिटं नऊ सेकंद.

पुढं गोळा फेकला, लेखी परीक्षा दिली, सगळं केलं. यादी लागली तं दोन मार्कांनी राहिली. रोशनीचं नाव होतं.

दोघी एकाच दिवशी ग्राउंडवर आल्या, रोशनी पेढे घेऊन अन् सरिता रिकाम्या हातानं. सरिता म्हणे, "सर, माहं काय चुकलं? इथं तं येत होती मी दोन शेहेचाळीसमंदी." डोळ्याखाली काळं पडलं होतं तिच्या. मी म्हटलं, "तुह्यात शेवटचा दमच नाही. काही काही लोकायत नसतेच तो. त्याले मी काय करू."

रोशनीनं माह्याकडे पाहिलं. तोंड उघडलं तिनं. मी म्हटलं, "तू चूप."

"तिले काहून रागवता सर," सरिता म्हणे, "तिचं झालं, चांगलं झालं. मीच कमी पडली. तुम्ही तं तुमच्याकडून सगळं केलं."

असं म्हणून ती वाकली अन् माह्या पायावर डोकं ठेवलं. मी पाय मागं घेतले नाही.