मातीचं वय

"हळू वं पोरी. म्हातारे बसून राहिले इथं."

दार ढकललं की आधी हे वाक्य आणि मग जमिनीकडे वळवलेला एक तळहात. आमच्या नागपूरच्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या शेवटच्या खोलीत ते परिचर होते. सगळे काकाजी म्हणत. खोलीत ते एकटेच असायचे. म्हातारे म्हणजे फळीवरच्या बाटल्या.

मी गेले होते विद्यार्थी संघटनेतर्फे, कंत्राटी कामगारांसाठी सह्या घ्यायला. या माणसाला कॉलेजने बावीस वर्षं कंत्राटावर ठेवलं होतं. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस म्हणून घ्यायचं, म्हणजे नोकरी सलग होतच नाही. याला सरळ भाषेत लबाडी म्हणतात, आणि पत्रकात मी तेच छापलं होतं. काकाजींनी ते वाचून शांतपणे बाजूला ठेवलं. मला राग आला. समोरची एक बाटली उचलून मी म्हटलं, हिला एवढं जपता, तुम्हाला कोण जपतं? भाषणात हात हलतो तसा माझा हलला, बाटलीसकट. चांगला चार-पाच वेळा.

आतला घट्ट गोळा पातळ होऊन डुचमळायला लागला.

"पाच महिन्यांची होती," काकाजी म्हणाले. "करून टाकलं तुनं तिले आजचं लेकरू."

आणि हसले. मी त्यांच्या जागी असते तर मला हाकलून दिलं असतं.

मग त्यांनी समजावलं. ही बारीक चिकणमाती पाण्यात घोटली की पहिल्या दिवशी पाण्यासारखीच वाहते. नुसती ठेवून द्या, काही दिवसांनी बाटली उलटी केली तरी पडत नाही. कुणी काही घातलेलं नसतं, फक्त दिवस गेलेले असतात. जोरात हलवलं की पुन्हा पातळ, वय पुन्हा शून्य. घट्ट झाल्यावरही आतले कण सावकाश सरकतच राहतात. बाटलीतून लेझरचा लाल किरण सोडला की मागच्या भिंतीवर ठिपके पडत. ताज्या बाटलीचे ठिपके शिजत्या भातासारखे खदखदत. जुन्या बाटलीचे, चहा पिऊन परत या, तसेच. काकाजी भिंतीवर कागद लावून प्रत्येक ठिपक्याभोवती पेन्सिलीने कडं काढायचे आणि दुसऱ्या दिवशी ताडून बघायचे. ज्या सरांचा हा प्रयोग, ते केव्हाच दुसरीकडे गेले होते. काकाजींना मात्र बघायचं होतं, बाटली वर्षाची झाल्यावर तरी थांबते का.

वर्षाची एकही झाली नव्हती. कारण ऐका, आणि हसायचं की ओरडायचं ते तुम्हीच ठरवा. कुठल्याही वर्षात काकाजींचा घरी बसायचा एक दिवस येणारच. त्या दिवशी बदली माणूस यायचा, आणि तो बिचारा कामाचा पक्का. सगळ्या बाटल्या उतरवून, हलवून, पुसून, चकाचक करून परत मांडायचा.

मी म्हटलं, हे पत्रकात टाकते. कॉलेज तुम्हालाही असंच हलवतं आणि वय शून्य करतं. काकाजींनी मान हलवली.

"मातीले काहून ओढते मधात? तिचं कोणाशी भांडण नाही."

"मग मी करू काय?"

"माह्या घरी बसायच्या दिवशी तू इथं येऊन बस. एक बाटली अकरा महिन्यांले टेकली आहे. घोषणा मात्र देऊ नको."

मी दहा ते पाच फळीसमोर बसले. आयुष्यातलं पहिलं मुकं धरणं. बदली माणूस कापड घेऊन आला आणि त्याने विचारलं, बाटलीत आहे तरी काय? मी म्हटलं, माती. तो म्हणाला, मग वरची माती पुसली तर बिघडते कुठं? मी फळीसमोरून उठले नाही. शेवटी त्याने फळी सोडून खोलीतलं सगळं पुसलं. माझ्या चपलासुद्धा.

महिन्याभराने काकाजींनी अख्ख्या कॉलेजात संत्रा बर्फी वाटली. प्राचार्यांनी विचारलं, काय विशेष?

"वर्षाचं झालं, साहेब."

"नातू का?"

"तसंच समजा."

मग खोलीत येऊन आम्ही दोघांनी कागद ताडला. कडेचा एक ठिपका आपल्या कड्यातून बाहेर निघाला होता, पेन्सिलीच्या रेघेएवढा. काकाजींनी वाकून जवळून बघितलं.

"थांबली नाही वं," ते हळूच म्हणाले. एवढा खूश झालेला माणूस मी आमच्या जिंकलेल्या मोर्चातही पाहिला नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी, वय झालं म्हणून, त्यांची नेमणूक संपवली. निरोप समारंभ झाला नाही. कागदावर चार महिन्यांच्या नोकराला कसला निरोप? मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन जे बोलायचं ते बोलले, ते इथे छापत नाही.

काकाजींनी बाटली नेली नाही. हुडकेश्वरला घरापर्यंतचे रस्त्यातले खड्डे त्यांना पाठ होते. मी केबिनमधून परत आले तोवर ते निघून गेले होते. जुने कागद गुंडाळून नेले होते. भिंतीवर नवा कोरा कागद लावलेला होता आणि खाली टेबलावर टोक करून ठेवलेली पेन्सिल. कुणासाठी, ते लिहिलं नव्हतं.

मी रोज अकराला जाते.