रंगांच्या गावाला नेलेला नारळ

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे—सांगितली आहे, शंभरदा सांगितली आहे. लग्नात, बारशात, गणपतीत आरती संपल्यापासून पानं वाढेपर्यंतच्या वेळात. आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. दुसरं कुठलं काम माझ्यावर विश्वासाने कुणी टाकलेलंच नाही. पण मी सांगतो ती खोटी. खरी ही. हिच्यात हसायला फारसं काही नाही, त्यामुळे मला ती नीट जमेल की नाही, कोण जाणे.

माझा मोठा भाऊ, दादा, जहाजावर स्वयंपाकी होता. इटलीच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या बंदरात त्यांचं जहाज लागायचं. उतारावर एकमेकांना चिकटून उभी घरं—एक पिवळं, एक गेरूचं, एक पिकल्या रातांब्यासारखं लालभडक. दादाने वहिनीला फोनवर सांगितलं, तिथले मच्छीमार दर्यातून येताना आपलं घर लांबून ओळखू यावं म्हणून असे रंग देतात. झालं! वहिनीने त्याच आठवड्यात आमच्या चिऱ्याच्या घराची समुद्राकडची भिंत हळदीसारखी पिवळी करून टाकली. गावाचं नाव तिला कधी उच्चारता आलं नाही. ती म्हणायची, रंगांचो गाव.

पुढच्या फेरीत दादा त्या गावात उतरला आणि जहाजावर परत चढला नाही. खडकावर चपला मिळाल्या. तो मिळाला नाही. बुडाला? की स्वतःहून कुठे गेला? सांगणार कोण?

वहिनी वाट बघत राहिली. पण रडत-कढत नव्हे हां—तसा गैरसमज नको. कपाळावर ठसठशीत कुंकू लावून, बाजारात भांडत. मासळीवाली एकदा म्हणाली, "तुझो घोव थंय दुसरी करून रवलो गो!" वहिनी बांगड्याचे कल्ले उघडून बघत म्हणाली, "रवांदे. तिका म्हावरा साफ करूक येता काय, ता पयला इचार." अख्खा बाजार हसला. दर दिवाळीआधी ती भिंत नव्याने पिवळी व्हायची.

शेवटी तिने देवळात कौल लावला. आमच्याकडे देवाला कळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकही पडली नाही. गुरवाने हात झटकले—"आमच्या देवाची हद्द खाडयेपर्यंत. थंयचा थंयच्या पाण्याक इचारूक होया."

आणि नेमकं त्यानंतर माझ्या लेकीने, नोकरी लागल्याच्या आनंदात, आम्हा नवरा-बायकोला इटलीच्या सहलीला पाठवलं. यादीत ते गाव होतं.

निघायच्या दिवशी वहिनीने परसातल्या माडाचा एक नारळ माझ्या हातात दिला. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण तिला अजून बाबूच. म्हणाली, "बाबू, थंयच्या पाण्यात सोड. गाऱ्हाणा घाल. पाण्यान नेल्यान तर तो गेलो. परत इलो तर तो आसा, मी वाट बघतलंय." एवढंच. एवढंच काम होतं माझं.

आता त्या गावाबद्दल काय सांगू? सुंदर होतं. दादा म्हणाला तस्संच. आमच्या सहलीत मी म्हणजे हशाचा ठेका घेतलेला माणूस—मानेभोवती विमानातली उशी घालून जेवायला बसणारा. बायको गुडघे धरून बसमध्येच बसली होती. मी धक्क्याच्या टोकाला गेलो, पिशवीतून नारळ काढला. डोळे मिटणार, तोच मागून आवाज आला, "काय हो मालवणी, इथे सोलकढी करताय की काय?" मागे वळलो तर सगळी मंडळी उभी. फोन काढून, हसत, वाट बघत.

काय वाटलं मला तेव्हा? लाज. दुसरं काही नाही. परक्या पाण्यापुढे हात जोडून, माझा भाऊ तुझ्याकडे आहे का, असं यांच्यादेखत विचारायची लाज. तोंड उघडून एवढं म्हणता आलं असतं की जरा थांबा, माझ्या भावाचं काम आहे. थांबले असते हो ते. वाईट माणसं नव्हती.

मी काय केलं? होड्या बांधायच्या लोखंडी खुंटावर नारळ आपटून फोडला. "मालवणचो प्रसाद!" म्हणून ओरडलो. खोबऱ्याचे तुकडे करून वाटले. टाळ्या पडल्या. मीही खाल्लं—गोड होतं. करवंट्या पाण्यात टाकल्या, तर त्या पायरीला टकटक आपटत तिथेच राहिल्या.

घरी आलो तेव्हा वहिनी पायरीवर उभी होती. "नेल्यान?"

इथेही मी खरं बोलू शकलो असतो. निदान, परत आला, असं तरी म्हणू शकलो असतो. पण परत आला म्हटलं की आणखी प्रश्न येतात—कसा आला, किती वेळाने, कुठल्या बाजूने. गेला म्हटलं की गोष्ट संपते. मला गोष्ट संपवायची होती.

"गेलो, वयनी. सरळ गेलो. एकदाय मागे फिराक नाय."

तिने मान हलवली. माझ्यासाठी चहा टाकला. मग आत जाऊन कपाळ पुसून आली. भटजींनी दर्भाचा पुतळा केला आणि त्याला अग्नी मी दिला. हो, मीच—धाकटा भाऊ ना!

तुम्ही म्हणाल, सुटली ती, एकदाचं कळलं तिला. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगितलं. पण आता बाजारात तिला कुणी टोमणा मारत नाही, आणि ती कुणाला उत्तर देत नाही. देतील तो बांगडा घेते. भिंतीला पुन्हा रंग लागला नाही. दर पावसात पिवळ्याचे पोपडे निघतात, खालचा चिरा उघडा पडत चालला आहे. पाहुणे आले की तीच मला म्हणते, "बाबू, ता नारळाचा सांग." आणि मी सांगतो. लाट कशी आली, नारळ कसा डोलला, सूर्य कुठे होता. दर वेळी थोडं वाढवून.

गेल्या नारळी पौर्णिमेला आम्ही किनाऱ्यावर होतो. तिने नारळ सोडला. तो थोडा आत गेला आणि लाटेबरोबर तिच्या पायाशी आला. तो येतोच. इथे जन्मलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, काठावरून सोडलेला नारळ पाणी परत आणून देतं. मला ठाऊक होतं. आणि तिला? समुद्राच्या काठी आयुष्य काढलेल्या बाईला? ज्याचं उत्तर 'तो आहे, वाट बघ' असंच येईल, असा प्रश्न शोधून तिने माझ्या हातात दिला होता. हे मला त्या दिवशी, पाण्यात पाय असताना कळलं.

ती नारळाकडे बघत म्हणाली, "हंय परत येता. थंय नाय इलो."

मी म्हटलं, "थंयचा पाणी येगळा, वयनी."

मग मी तो नारळ उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून लांब फेकला.

तो पुन्हा आला.