बकऱ्या उठेपर्यंत

माघातला रविवार, गिअरच्या दोन सायकली, मी आणि माझी मुलगी. तोरणमाळचा घाट उतरताना काळ्या कड्याच्या वळणाआधी बकऱ्या चारणाऱ्या एका म्हातारीने मुलीच्या सायकलचं हँडलच धरलं, वळणावर वारा येईल म्हणाली. तिच्या सातही बकऱ्या दरीकडे पाठ करून बसल्या होत्या.

"बाबा, वारा तर पडलाय. सांगा ना आजीला!"

"बकऱ्या उठू दे माय, मंग जाय."

मी घड्याळ पाहिलं. चौथ्या मिनिटाला वाऱ्याचा झोत आला आणि स्टँडवरची माझी सायकल फरफटत कठड्यावर आदळली. मुलीची म्हातारीच्या मुठीत होती.

बकऱ्या उठल्या, तशी मूठ सुटली. मी शंभराची नोट पुढे केली.

"माले कशाले? बकऱ्यासले दे."

आमच्याकडची चारही केळी सात बकऱ्यांना दिली. नोट परत खिशात गेली.